टोपीवर तिरंगा आला की

पोरी, भारताच्या संघात तुझं नाव आलं. आता पाण्यात काय करायचं ते तुला सगळेच सांगतील. तुझे कोच ते माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं सांगतात, त्यात मी पडत नाही. पण आत्याची इतकी वर्षं टँकच्या काठावर गेली आहेत, हातात स्टॉपवॉच आणि खांद्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल. पाण्यातलं बरंचसं काठावरच ठरतं, एवढं मला पक्कं कळलंय. म्हणून हे लिहून देते. एका दमात वाचू नकोस, तुझ्या दमाला दुसरी कामं आहेत.

१. सरावातली प्रत्येक लांबी बोटं भिंतीला टेकवूनच संपव, शेवटचे दोन हात आळसानं तरंगू नकोस — अंगाला जी सवय लागते तीच शर्यतीत बाहेर येते. २००८ साली बीजिंगला १०० मीटर बटरफ्लायमध्ये मिलोराड चाविच पुढे होता. शेवटी तो भिंतीकडे सरकत गेला आणि मायकल फेल्प्सनं आणखी अर्धा हात मारला. फेल्प्स ५०.५८, चाविच ५०.५९. शतांशाला मालक नसतो. जो हात लांबवतो, तो त्याचा.

२. सकाळची हीट आणि संध्याकाळची फायनल यांच्यामधले तास जिवापाड जप. खाणं, झोप, पाय वर करून पडणं, सगळं ठरलेलं असू दे — फायनलला तेच अंग पुन्हा ताजं लागतं. आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये २२.४३ सेकंदांत आला, तो राष्ट्रीय विक्रम होता. फायनलला २२.४७ लागले आणि कांस्यपदक २२.४६ ला गेलं. त्या वेगानं एक शतांश सेकंद म्हणजे साधारण सव्वादोन सेंटिमीटर. तुझ्या बोटाचं एक पेर बघ, तेवढंच. याच वीरधवलनं २०१० मध्ये ग्वांगझूला बटरफ्लायचं कांस्य आणलं होतं, खजान सिंगच्या १९८६ च्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेतलं जलतरणाचं आपलं पहिलं पदक. त्याची मेहनत कमी पडली असं कुणी तुझ्यासमोर म्हणालं, तर ते पेर दाखव त्याला.

३. नखं दोन दिवस आधी कापून ठेव — शर्यतीचा तो घट्ट कॉस्च्युम चढवायला पंधरावीस मिनिटं लागतात आणि नखानं ओढला की टर्रकन फाटतो. बोटांच्या गादीनं थोडाथोडा वर सरकव, आणि पिशवीत दुसरा असू दे.

४. गॉगलच्या दोन जोड्या ने, दोन्ही सरावात वापरून झालेल्या — नवाकोरा गॉगल स्टार्टच्या उडीतच आपले गुण दाखवतो. पट्टी दोन कॅपच्या मध्ये दाबून घे.

५. आपल्या एका लांबीला किती हात लागतात ते झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे — त्याच बीजिंगला २०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, भिंत दिसेना. तो हात मोजत पोहला आणि १:५२.०३ चा विश्वविक्रम करून बाहेर आला. डोळे दगा देतील, मोजणी देत नाही.

६. परक्या टँकात पहिल्या वॉर्मअपला वेग नको, ओळख करून घे — बॅकस्ट्रोकची निशाणं सगळीकडे भिंतीपासून ५ मीटरवरच असतात, पण उघड्या टँकात डोळ्यांवर ऊन येतं आणि बंद टँकात छपराच्या तिरक्या तुळया बघून माणूस लेनच्या दोरीला जाऊन घासतो.

७. स्टार्टच्या आवाजाआधी हलायचं नाही, शेजारीण हलली तरी नाही — दुसरी संधी नसते. दक्षिण कोरियाचा पार्क ते-ह्वान २००४ साली अथेन्सला चौदा वर्षांचा होता, आवाजाआधी पाण्यात गेला आणि तिथल्या तिथे बाद झाला. चार वर्षांनी त्यानंच ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं. तेव्हा तसं काही घडलंच तर रड, जेव, आणि दुसऱ्या दिवशी टँकवर ये.

आता औषधांचं. इथं मी जरा कडक होणार आहे, ऐकून घे.

८. कोणतीही गोळी, सिरप, पावडर, शेजारच्या काकूंचं चूर्ण किंवा ओळखीच्या वैद्यबुवांचा काढा संघाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालायचा नाही — डोपिंग चाचणीच्या नमुन्यात जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूचीच, मग ते कसंही आत गेलेलं असो. प्रेमानं दिलेलं असलं तरी.

९. दम्याचा पंप असो की सर्दीची गोळी, परवानगीचा कागद स्वतः भर, स्वतः पाठव, आणि पोचल्याचं उत्तर आल्याशिवाय गप्प बसू नकोस — १९७२ ला म्युनिकमध्ये सोळा वर्षांच्या रिक डीमॉन्टनं ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि दम्याच्या औषधातल्या एफेड्रिनपायी ते काढून घेतलं गेलं. पोरानं ते औषध फॉर्मवर लिहून दिलं होतं. त्याच्याच देशाच्या अधिकाऱ्यांनी ते पुढे कळवलं नाही. इतक्या वर्षांनीही हे लिहिताना मला राग येतो.

१०. चाचणीच्या यादीत नाव आलं की रोजचा एक तास कुठं सापडशील ते कळवावं लागतं. लग्नाला, जत्रेला, आजोळी निघालीस की बॅग भरायच्या आधी पत्ता बदल — बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर दोन वर्षांपर्यंत बंदी येते, आणि औषधाचा थेंबही घेतलेला नसतो.

११. खोललेली बाटली नजरेआड झाली की ओतून टाक, नवी घे — पाणी स्वस्त आहे.

१२. खांदा दुखला की त्याच दिवशी सांग, ‘थोडंसंच’ म्हणून दडपू नकोस — लवकर सांगितलेलं दुखणं विश्रांतीवर भागतं, लपवलेलं अख्खा मोसम खातं. साजन प्रकाशनं मानेच्या दुखण्यातून वर येऊन जून २०२१ मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ ला मारली आणि ऑलिंपिकची ‘अ’ पात्रता वेळ गाठणारा पहिला भारतीय झाला. पात्रतेची वेळ होती १:५६.४८. पुन्हा तेच बघ, काही शतांश.

१३. भरपूर जेव, आणि पाळी दोनतीन महिने चुकली तर ‘बरंच झालं, सरावात अडचण नाही’ असं मनात आणू नकोस. आईला आणि डॉक्टरांना सांग — बहुतेक वेळा खाणं सरावाला पुरत नसतं, आणि त्यानं हाडं कमजोर होतात. आली तरी लाजायचं काही नाही. चीनच्या फू युआनह्वीनं २०१६ ला रिओच्या रिलेनंतर कॅमेऱ्यासमोर सरळ सांगितलं होतं की पाळी सुरू आहे. आमच्या काळी हे शब्द टँकवर उच्चारताही येत नव्हते. तुमच्या पिढीनं ते मोकळेपणानं बोलावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

१४. पहाटे साडेचारला उठायचं तर रात्री नऊला फोन दिवाणखान्यात, तू खोलीत — झोप उधार ठेवली की व्याज पाण्यात फेडावं लागतं.

१५. टँकवरून आल्याबरोबर गोड्या पाण्यानं केस धू आणि कान नीट कोरडे कर — क्लोरीन केसांची वाट लावतं, आणि ओल्या कानाचा ठणका नेमका विमानात सुरू होतो.

१६. पोहावंसं वाटेनासं झालं तर तेही दुखणंच, खांद्यासारखं सांग — केलेब ड्रेसेलनं २०२२ ला बुडापेस्टची जागतिक स्पर्धा अर्ध्यावर सोडली, काही महिने पाण्यापासून लांब राहिला, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये रिलेची सुवर्णं जिंकली. तुझ्या घरात तुझ्यावर कुणी रागावणार नाही. रागावलं तर माझ्याकडे पाठव.

१७. परीक्षेची पुस्तकं दौऱ्यावर ने, दिवसाला चार पानं तरी वाच — पोहण्याच्या वेळेवर नोकरी मिळेलही, पण ती टिकवायला डोकं लागतं. वीरधवल पोहता पोहता तहसीलदारही होता.

१८. रिलेत बाकीच्या तिघींची पूर्ण नावं, त्यांचं गाव आणि त्यांना काय आवडत नाही ते माहीत करून घे — परदेशात ताप आला तर रात्री त्याच उशाशी असतात.

१९. कॉस्च्युम, गॉगल, कॅप आणि कागदपत्रं विमानात हातातल्या बॅगेत — मोठी बॅग भलत्याच देशात उतरू शकते, तुला मात्र दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायचं असतं.

२०. पासपोर्टची मुदत आजच बघ, कोच सांगेपर्यंत थांबू नकोस — कितीतरी देशांना ती आणखी सहा महिने शिल्लक लागते. तुझा पासपोर्ट आईच्या कपाटात वरच्या कप्प्यात, बँकेच्या पिशवीत आहे. तारीख मला आज रात्री कळव.