दोन प्रतिमाने, एक आरंभबिंदू

वास्तुरचनेचे व सांगाड्याचे संगणकीय प्रतिमान दोन कार्यालयांत स्वतंत्रपणे तयार झाले, की ती जोडताना खांब भिंतीबाहेर पडलेले दिसतात. मोजमापे अचूक असतात. आरंभबिंदू मात्र भिन्न. अशा वेळी प्रतिमान हाताने सरकवून बसवू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांस बजावतो. जागेवरील एक पक्की भूमापन खूण व उत्तर दिशा ठरवून तेच सामायिक निर्देशांक सर्व प्रतिमानांना द्यावेत.

परंतु उत्तर तरी कोणती? यूटीएमच्या ४३व्या पट्ट्याची मध्यरेषा ७५° पूर्व रेखांशावर, तर नेरूळ ७३° पूर्वेनजीक. म्हणून येथे नकाशाजाळीची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेस सुमारे ०.६५ अंश ढळते. शंभर मीटरवर हा फरक एक मीटरहून अधिक भरतो. कुंपणालगतचे सामासिक अंतर तेवढ्यानेच चुकते.