टेस्ला कॉइल: धोका ठिणगीत की तळाशी?

प्रश्न: घरी बनवलेल्या टेस्ला कॉइलच्या ठिणगीचा झटका बसत नाही. मग ती निर्धोकच ना?

उत्तर: नाही. शेकडो किलोहर्ट्झच्या प्रवाहाला मज्जातंतू फारसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून झटका जाणवत नाही. त्वचा मात्र आतपर्यंत भाजू शकते. खरा जीवघेणा भाग तळाशी असतो. तिथे बसवलेला निऑन पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट करतो, आणि तेही ५० हर्ट्झवर, म्हणजे हृदयाची लय सहज बिघडवणाऱ्या वारंवारतेवर. ‘प्लग काढला की झालं’ असं म्हणाल, तर कपॅसिटरमधला विद्युतभार त्यानंतरही उरतो. तो निचरून टाकणारा रेझिस्टर समांतर जोडाच. सेकंडरीचं, म्हणजे ठिणगी देणाऱ्या वरच्या गुंडाळीचं, अर्थिंग घराच्या वायरिंगला देऊ नका, जमिनीत वेगळी सळई ठोका. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे जमणार नसेल, तर मोठी कॉइल तिथे चालवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.