तापाची खूण

ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे. म्हणून ताप आल्यावर त्याचे कारण शोधणे आवश्यक असते. काही वेळा ते कारण रुग्णाच्या त्वचेवरच खूण ठेवून गेलेले असते. 'स्क्रब टायफस' हा असाच एक आजार आहे.

गोचीड आपल्या परिचयाचा आहे. त्याच्याच कुळातील 'माइट' हा जीव मात्र अतिशय सूक्ष्म असतो. त्याची अळी, म्हणजे 'चिगर', झुडपांत आणि उंच गवतात आढळते. ती चावल्याने रोगजंतू शरीरात शिरतात. पण चावा सहसा जाणवत नाही. सुमारे दहा दिवसांनी थंडी वाजून तीव्र ताप येतो. डोके व स्नायू दुखतात.

चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती बहुधा काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी असते. ती दुखत नाही, खाजत नाही; म्हणून रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. संकोच बाजूला ठेवून ती शोधावी लागते. मात्र ती प्रत्येक रुग्णात आढळत नाही. अशा वेळी रक्ततपासणी उपयोगी पडते.

चेन्नई परिसरात ईशान्य मोसमी पावसानंतरच्या थंड महिन्यांत हा आजार वाढतो. आपल्याकडे २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात त्याची साथ आली आणि काही रुग्ण दगावले.

यावर 'डॉक्सिसायक्लिन' हे स्वस्त औषध गुणकारी आहे. गर्भवतींना 'ॲझिथ्रोमायसिन' देतात. पेनिसिलिनचा येथे उपयोग होत नाही. म्हणून मनाने औषध न घेता डॉक्टरांकडे जावे आणि आपण शेतात किंवा रानात गेलो होतो, हे आवर्जून सांगावे. योग्य औषधाने बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांना धोका पोहोचतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर रुग्णांना ही दोन्ही औषधे एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो, असे त्यात दिसून आले.

गोचिडामुळेही टायफसचा एक प्रकार होतो. त्यात पुरळ तळहात व तळपायांवरही उठते. त्यावरही डॉक्सिसायक्लिनच देतात. अंगाला चिकटलेला गोचीड जाळू नये, त्यावर रॉकेल ओतू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून तो सरळ ओढून काढावा.

स्क्रब टायफस माणसाकडून माणसाला होत नाही. त्यावर लसही नाही. म्हणून रानात काम करताना अंगभर कपडे घालावेत, गवतावर बसू नये, घरी येताच स्नान करावे आणि अंगणातील झुडपे काढून उंदरांचा बंदोबस्त करावा.

पाठगत प्रश्न
१. स्क्रब टायफसची खपली रुग्णाच्या लक्षात का येत नाही?
२. तापाच्या रुग्णाने डॉक्टरांना कोणती माहिती आवर्जून द्यावी? का?
३. तुमच्या घराभोवती चिगर वाढू नयेत यासाठी तुम्ही काय कराल? पाच वाक्यांत लिहा.