कंट्रोलरवरचा भार वाटताना

पोरांनो, रत्नागिरीत बसून खेड, चिपळूण, लांजा, राजापूरच्या शाखांचं नेटवर्क सांभाळायचं, तर स्विच मोजून वाटणी करू नका. ओपनफ्लो प्रोटोकॉलमध्ये स्विचला नियम सापडला नाही की तो कंट्रोलरला विचारतो, तो पॅकेट-इन. खरा भार त्या विचारण्याचा. बाजारपेठेतली एक शाखा आडगावच्या चार शाखांना भारी पडते. म्हणून सेकंदाला पॅकेट-इन किती येतात ते बघा आणि नेहमीच्या वाहतुकीचे नियम स्विचमध्ये आधीच घालून ठेवा. न आलेल्या प्रश्नाचा भार नसतो.

सगळं एकाच डोक्यावर नको. कोकण रेल्वेचं मुख्यालय बेलापूरला, पण विभाग दोन, रत्नागिरी आणि कारवार. गूगलने 2013 मध्ये मांडलेल्या बी-फोर या आपल्या नेटवर्कमध्येही ठिकठिकाणी स्थानिक कंट्रोलर आहेत, मध्यवर्ती सर्व्हर फक्त एकूण वाहतुकीची आखणी करतो.

कंट्रोलर तीन ठेवा. एक पडला तर उरलेल्या दोघांवर दीडपट भार येतो, तेव्हा क्षमतेच्या 60 टक्क्यांवर कोणालाच नेऊ नका. भार 60 ला पोचला म्हणून दुसऱ्या कंट्रोलरकडे हलवलेला स्विच, भार 58 झाल्याबरोबर परत आणलात, तर दिवसभर ये-जाच चालेल. 40 च्या खाली उतरू दे, मग आणा.

हलवताना क्रम चुकवायचा नाही. नव्या कंट्रोलरला त्या स्विचसाठी आधी ‘इक्वल’ भूमिका द्या. आता पॅकेट-इन दोघांकडे जाणार, तेव्हा उत्तर कोणी द्यायचं ते ठरलेलं हवं. जुन्याकडचे प्रश्न निपटले की नव्याला ‘मास्टर’ करा. उतावळेपणा केलात तर मधली पॅकेट कोणाचीच नाहीत.

पावसात वीज गेली की एवढं बिघडत नाही, आली की बिघडतं! सगळे स्विच एकदम कंट्रोलरवर तुटून पडतात. प्रत्येकाला जोडणीआधी थोडा वेगवेगळा उशीर लावून द्या.

तिघांपैकी एक कंट्रोलर मुंबईला ठेवायला अंतरामुळे नाकं मुरडू नका. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. साडेतीनशे किलोमीटर जाऊन यायला साडेतीन मिलिसेकंद, वर यंत्रांचा थोडा वेळ. धास्ती असावी ती जेसीबीची. दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या आणि दोन्ही महामार्गाच्या एकाच चरातून आल्या, तर पैसे पाण्यात. मार्गाचा नकाशा मागून घ्या.

आणि चाकरमानी गणपतीला यायच्या आत एका रात्री एक कंट्रोलर मुद्दाम बंद करून बघा.