आधी नळ, मग कळ

सोने, वरच्या मजल्याची न्हाणी होत आली म्हणून ताई फोनवर सांगत होती. जयसिंगपुरातल्या आपल्या घरात बंब गेला, टाकीचा गीझर आला, आता तू गॅसचाही घेणार म्हणतेस. प्रत्येकाची एकेक खोड मला ठाऊक आहे. फरशी बसायच्या आत एवढं वाच आणि प्लंबर येईल तेव्हा हाताशी ठेव.

१. टाकीच्या गीझरला थंड पाणी शिरतं तिथं सेफ्टी व्हॉल्व्ह बसलाय का, ते आधी बघ – १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की जवळजवळ पाव लिटर वाढतं. त्या वाढलेल्या पाण्याला जायला वाट लागते.

२. पाणी तापताना व्हॉल्व्हमधून थेंब गळाले तर घाबरू नकोस, आणि बूच तर मारूच नकोस – मी मारलं होतं. फरशी ओली होते म्हणून वैतागलो, आणि तिसऱ्या आठवड्यात खालचा पत्रा परातीसारखा फुगून टाकीची शिवण उसवली. तुझी मामी नुकतीच न्हाऊन बाहेर आली होती. ती सकाळ अजून अंगावर काटा आणते. थेंबाचं तोंड बांधलं की टाकी तोंड उघडते, बाळा.

३. गीझर गार असतानाही थेंब थांबत नसतील, तर मात्र प्लंबरला बोलव – आत क्षाराचा खडा अडकलाय, नाहीतर पंपाचा दाब जास्त झालाय.

४. प्रेशर पंप बसवणार असशील तर गीझर घ्यायच्या आधीच दुकानात सांग – गच्चीवरची टाकी १० मीटर उंच असली तरी दाब १ किलोच्या आसपास असतो, पंप तो कितीतरी चढवतो. गीझरच्या पट्टीवर आयएसआयचा शिक्का बघ आणि शेजारचा दाबाचा आकडा वाच. व्हॉल्व्ह त्याहून जास्त दाबाचा नको.

५. गीझर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कॉक बसवू देऊ नकोस – एखादा पाहुणा कधीतरी तो फिरवणारच.

६. व्हॉल्व्हची नळी उघड्या तोंडाची, उताराची आणि मोरीकडं वळवलेली हवी – येणारं पाणी कढत असू शकतं. अमेरिकेत तुझ्या दादाकडं हे पाहिलं. तिथल्या नियमात नळी जमिनीपासून ६ इंचांहून वर संपवत नाहीत आणि टोकाला आटे ठेवत नाहीत, म्हणजे टोपण लावायची सोयच नाही. मला हा नियम फार आवडला. तिथं टाकीच्या हीटरचा व्हॉल्व्ह दाबालाही उघडतो आणि ९९ अंशांनाही. बिनटाकीच्याला बहुधा दाबाचाच असतो.

७. ‘गॅसच्या गीझरला टाकीच नाही, मग व्हॉल्व्ह कशाला?’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस – नळ बंद केल्यावरही तांब्याच्या नळीतलं पाणी थोडा वेळ तापत राहतं. खालच्या बाजूला पाणी सोडायचा छोटा स्क्रू असतो, बऱ्याच गीझरांत तोच दाबही सोडतो. तो गळतो म्हणून तिथं साधा बोल्ट पिळू नकोस.

८. आणि हा गीझर न्हाणीत लावायचा नाही, बाहेर गॅलरीत लाव – कोंडलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. एवढं तरी माझं ऐकच.

९. गावाहून परत आलीस की आधी गरम पाण्याचा नळ सोड, सलग धार लागली की मग बटण – रिकाम्या टाकीत कॉईल जळते. आधी नळ, मग कळ.

१०. दर दोन महिन्यांनी गीझर बंद करून, पाणी गार झाल्यावर व्हॉल्व्हचा दट्ट्या उचल. पाणी फसकन यावं आणि दट्ट्या सोडताच थांबावं – आपल्या बोअरचं पाणी जड. मी जुना व्हॉल्व्ह खोलला तेव्हा स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यात पांढरा खार खडीसाखरेसारखा बसला होता, नख लावलं तरी हलेना. दिवाळीआधी टाकी धुऊन घेशील तेव्हा आतली मॅग्नेशियमची कांडीही बघायला सांग.

११. व्हॉल्व्हच्या नळीखाली महिनाभर एक जुना तांब्या ठेव – सकाळी त्यात पाव लिटरभर असलं तर ठीक, भरून वाहत असला तर मला फोन कर, मी पाना घेऊन येतो.