सिंक अडली तर आधी थांबा

घरचा संगणक आणि ऑफिसचा सर्व्हर यांच्यातल्या फाइली जुळेनाशा झाल्या की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, सिंकचे बटण पुन्हा दाबतात. माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते. सिंक अडलेली असते तेव्हा दोन्हीकडे काही ना काही वेगळे शिल्लक असते आणि काय बिघडले याचा तेवढाच पुरावा हाती असतो. कोणती बाजू खरी हे न पाहता 'दोन्हीकडे सारखे कर' असा हुकूम सोडला की प्रोग्राम तो इमानेइतबारे पाळतो. मग पुरावाही जातो आणि नोंदीही जातात.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न आता संगणकवाल्यांपुरता उरलेला नाही. इथल्या राईस मिलचेच पाहा. सरकारी धान भरडाईला घेतला की क्विंटलमागे 67 किलो अरवा तांदूळ जमा करावा लागतो, उसना असेल तर 68 किलो. किती धान उचलला, किती तांदूळ गोदामात पोचला, बारदाना किती आला-गेला, हे मिलमधल्या संगणकावर असते, मुनीमजींच्या घरच्या संगणकावर असते आणि सर्व्हरवरही असते. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात नेटवर्कचा भरवसा नाही आणि वादळात लाईन गेली की कधी येईल सांगता येत नाही. म्हणजे अर्ध्यात तुटलेली सिंक हा इथे अपवाद नव्हे, नेहमीचाच प्रकार आहे. तो गृहीत धरूनच व्यवस्था लावायला हवी.

बिघाड शोधताना मी सर्वांत आधी संगणकाचे घड्याळ पाहायला सांगेन. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये आणलेला आरसिंक हा प्रोग्राम आजही असंख्य सर्व्हरवर चालतो. तो एरवी फाइल उघडून वाचत बसत नाही. आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ एवढेच दोन्हीकडे ताडून पाहतो. आता जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणसेल संपला असेल, तर लाईन गेल्यावर त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. त्यावर आज केलेल्या नोंदींना जुनी तारीख चिकटते आणि 'नवी ती खरी' या नियमाने कालची फाइल आजच्या फाइलवर मात करते. सिंकथिंगसारखा प्रोग्राम अशा वेळी हरलेली फाइल नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' घालून बाजूला ठेवतो, आणि लोक ती कचरा समजून पुसतात. घड्याळ चुकलेले असेल तर नेमक्या त्याच 'कचऱ्यात' आजच्या खऱ्या नोंदी असतात. पेनड्राइव्हने फाइली नेणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यावरची फॅट पद्धत वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने लिहिते, त्यामुळे न बदललेले अख्खे फोल्डर बदलल्यासारखे दिसू शकते. यात धोका कमी, वैताग जास्त.

दुसरे कारण फाइलींच्या नावांत दडलेले असते, आणि ते खास आपल्या लिपीचे आहे. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा र वापरतात, काही साध्या र नंतर एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना नाव एकच, संगणकाला मात्र दोन. यादीच्या दोन फाइली होतात आणि घरची माणसे एकीत लिहितात, ऑफिसवाले दुसरीत. लांबीचाही घोळ आहे. लिनक्स सर्व्हरवर फाइलचे नाव साधारणपणे 255 बाइटांच्या आत बसावे लागते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वार धरून, तीन बाइट घेते. नुसत्या 'गोंदिया'लाच एकवीस लागतात. विंडोजवर सुखाने राहिलेले लांबलचक मराठी नाव सर्व्हर नाकारतो, आणि तेवढी एकच फाइल मागे राहते. म्हणून फाइलचे नाव आखूड आणि रोमन अक्षरांत असावे, असे मी म्हणतो. मराठीचा अभिमान आतल्या मजकुरात दाखवायला भरपूर जागा आहे.

'पण जुनी प्रत सांभाळून काय करायचे, सगळीकडे ताजी माहिती असावी म्हणूनच तर सिंक लावली,' असे कोणी म्हणेल. सिंक ताजेपणा देते हे खरेच, पण पुसलेलेही तितक्याच ताजेपणाने पोचवते. 1998 मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी 2'च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि बॅकअपही नीट चालत नव्हता असे आढळले. त्या चित्रपटावर काम करणाऱ्या गॅलिन सुसमन बाळामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीने चित्रपट वाचला. ती प्रत कामाला आली, कारण ती मागे राहिलेली होती. क्षणाक्षणाला सर्व्हरशी जुळत असती तर तीही पुसली गेली असती. गूगल ड्राइव्हमध्ये कचरापेटी असते हा दुसरा आक्षेप. तिथे फाइल 30 दिवस राहते. खरीप खरेदीचा भरडाई हिशेब पुढे कित्येक महिने चालतो, तेव्हा हरवलेली नोंद लक्षात येईपर्यंत पेटी रिकामी झालेली असू शकते.

तेव्हा सिंक अडली की ती बंद करावी आणि दोन्ही बाजूंची वेगवेगळी नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग दोन्ही संगणकांची तारीख-वेळ पाहावी आणि सिंकचे फोल्डर ज्या डिस्कवर आहे ती खरोखर जोडलेली आहे का तेही पाहावे. न जोडलेल्या डिस्कचे फोल्डर रिकामे दिसते, आणि 'तिकडे नाही ते इकडचेही पूस' हा पर्याय चालू असेल तर तो रिकामेपणा जसाच्या तसा पलीकडे पोचतो. तो पर्याय बिघाड सापडेपर्यंत बंदच असावा. हिशेबाची टॅली उघडी असताना तिचे फोल्डर सिंकला देऊ नये, कारण काही फाइली आधीच्या आणि काही नंतरच्या अशी सरमिसळ होते आणि टॅली कंपनीचा हिशेब उघडायला कुरकुर करते.

यानंतर कोरडी फेरी घ्यावी. आरसिंकमध्ये 'ड्राय-रन' म्हटले की तो काहीही न हलवता काय काय हलवणार याची यादी देतो. 'चेकसम' जोडले की वेळेवर न विसंबता मजकूर ताडतो. आमच्याकडचे नेट इतके मंद, हे कसे परवडणार, असे विचारले जाते. पण फाइल वाचण्याचे काम दोन्ही संगणक आपापल्या जागी करतात, तारेवरून जातात ते मुख्यतः लहानसे आकडे. वेळ लागतो तो डिस्कला. रात्री मिलचे ऑफिस बंद झाल्यावर, इन्व्हर्टर भरलेला आहे हे पाहून ती फेरी लावावी. सकाळी यादी छापून मुनीमजींनी आवक-जावक वहीशी लावून पाहावी आणि ते होईपर्यंत कोणत्याही संगणकावर नवी नोंद चढवू नये.