परभाषेचे काठिण्य कोठून मोजावे



पदवीच्या अभ्यासाबरोबर एखादी परदेशी भाषा शिकावी हा माझ्या भाचीचा विचार सर्वस्वी स्तुत्य आहे. मात्र जर्मन घ्यावी की जपानी, याचा निर्णय तिने ‘जगातील सर्वांत कठीण भाषां’च्या यादीवरून करावा आणि त्या यादीत जपानी शेवटच्या वर्गात दिसते एवढ्याच कारणाने ती सोडून द्यावी, हे योग्य नाही. ही यादी खोटी नाही. परंतु ती कोणी, कोणासाठी आणि कशाच्या आधारे तयार केली हे पाहिल्याशिवाय तिच्यातील आकड्यांना अर्थ प्राप्त होत नाही.

अशा बहुतेक याद्यांचे मूळ अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९४७ साली स्थापन केलेल्या ‘फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट’ या प्रशिक्षणसंस्थेत आहे. परदेशी नेमणूक होणाऱ्या अधिकाऱ्यांना कामकाजापुरती भाषा अवगत होण्यास वर्गात किती काळ लागतो, याचा दीर्घ अनुभव जमेस धरून या संस्थेने भाषांचे गट पाडले. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन यांसारख्या भाषांना २४ ते ३० आठवडे, जर्मनला सुमारे ३६, रशियन, तुर्की, फिनिश इत्यादींना सुमारे ४४, तर अरबी, चिनी, जपानी आणि कोरियन यांना ८८ आठवडे, म्हणजे वर्गातील सुमारे २,२०० तास, असा तो हिशेब आहे. यातील निर्णायक बाब अशी की हे शिकणारे सर्व जण इंग्रजीभाषक होते. याच यादीत हिंदी ही फिनिशच्या शेजारी, ४४ आठवड्यांच्या गटात बसवलेली आहे. महाराष्ट्रातील मुले जी भाषा चित्रपट पाहता पाहता आणि बाजारात बोलता बोलता आत्मसात करतात, ती वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्याला वर्षभराच्या कष्टाशिवाय येत नाही, यात त्या अधिकाऱ्याचा दोष नाही आणि हिंदीचाही नाही. काठिण्य हा भाषेचा स्वतःचा गुण नसून शिकणाऱ्याची भाषा आणि शिकायची भाषा यांच्यातील अंतराचा तो परिणाम आहे, एवढेच यावरून सिद्ध होते.

या अंतराला भाषाविज्ञानात भाषिक अंतर म्हणतात, आणि दोन भाषांची रचना शेजारी ठेवून कोठे साम्य आहे व कोठे भेद आहे हे पाहण्याच्या पद्धतीला व्यतिरेकी विश्लेषण असे नाव आहे. अमेरिकन भाषावैज्ञानिक रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली या पद्धतीची पद्धतशीर मांडणी केली. साम्य असेल तेथे मातृभाषेची सवय मदतीला येते आणि भेद असेल तेथे तीच सवय आड येते, हा तिचा गाभा होय. पुढील संशोधकांनी तिच्या मर्यादाही दाखवल्या. विशेषतः पूर्ण भिन्न गोष्टीपेक्षा जवळजवळ सारखी वाटणारी गोष्टच कित्येकदा अधिक फसवते, हे निरीक्षण प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. तरीही, मराठी विद्यार्थिनीने मोजमाप मराठीपासून सुरू करावे, इंग्रजीपासून नव्हे, हा धडा या पद्धतीतून निश्चित मिळतो.

अशा रीतीने मोजू लागल्यावर जपानीचे चित्र पुष्कळ बदलते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, जसे मराठीत येते. नामाचा वाक्यातील संबंध दाखवणारे शब्द नामाच्या मागून लागतात, जसे मराठीत ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘मध्ये’ हे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागतात; इंग्रजीत ते नामाच्या आधी येत असल्याने इंग्रजीभाषकाला येथे विचाराची सगळी दिशाच उलटी करावी लागते. ‘काल आलेला पाहुणा’ यात पाहुण्याचे वर्णन करणारे वाक्यच विशेषण होऊन नामाच्या आधी बसते, आणि जपानीतही असेच होते. कर्ता स्पष्ट असेल तर तो गाळण्याची दोन्ही भाषांना सारखीच मुभा आहे. याहून महत्त्वाचे साम्य क्रियापदांत आहे. मराठीत ‘ऊन’ प्रत्यय लावून धातुसाधित अव्यय तयार होते आणि त्यापुढे दुसरे क्रियापद जोडून अर्थाची सूक्ष्म छटा दाखवली जाते. जपानीत ‘ते’ हा प्रत्यय नेमके हेच काम करतो. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे, ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. पाहणे, ठेवणे ही सहायक क्रियापदेही मूळ अर्थाने तीच आहेत. घराबाहेर पडताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, त्याची रचना ‘जाऊन येतो’ अशीच आहे. इंग्रजीतून जपानी शिकवणाऱ्या पुस्तकांना ज्या प्रकरणांसाठी लांबलचक स्पष्टीकरणे द्यावी लागतात, ती मराठी विद्यार्थिनीस एका उदाहरणाने समजावीत, इतकी ही जवळीक आहे. म्हणूनच जपानी शिकताना इंग्रजी पाठ्यपुस्तकातील वाक्याचा अर्थ आधी इंग्रजीत आणि मग मराठीत लावण्याचा द्राविडी प्राणायाम भाचीने करू नये. जपानी वाक्य थेट मराठीत उतरवावे.

वर्णमालेचीही ओळख पूर्वीचीच निघते. जपानी उच्चारलिपीतील अक्षरे आ, इ, उ, ए, ओ या स्वरांनी सुरू होऊन क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने लावली जातात. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् या भारतीय लिपीचा अभ्यास केला त्यातून तेथे रुजला आहे. ‘स’च्या जागी ‘च’ आणि ‘ह’च्या जागी ‘प’ ठेवून पाहिल्यास देवनागरीचा क्रम स्पष्ट दिसतो. रिमझिम, धडधड, चमचम असे नादानुकारी, म्हणजे ध्वनीवरून किंवा दृश्यावरून घडलेले, शब्द मराठीप्रमाणेच जपानीत विपुल आहेत. छातीत होणाऱ्या धडधडीला तेथे ‘दोकी दोकी’ म्हणतात.

एवढे साम्य असूनही जपानी सोपी आहे असे म्हणणे भाचीची फसवणूक ठरेल, कारण तिचा खरा भार लिपीत आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या, काही आठवड्यांत येतात. त्यानंतर कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अर्थवाहक चिन्हे, सुरू होतात. जपान सरकारच्या २०१० सालच्या सुधारित यादीत दैनंदिन वापराची अशी २,१३६ चिन्हे आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे एकाहून अधिक उच्चार आहेत. पाण्याचे चिन्ह एकटे असताना ‘मिझु’ असे वाचतात, तर सामासिक शब्दात ‘सुइ’ असे. पहिला उच्चार देशी जपानी शब्दाचा आणि दुसरा चिनीवरून घेतलेला असतो. मराठीत सुटा शब्द ‘पाणी’ असतो, पण ‘जलाशय’ आणि ‘जलविद्युत’ यांत ‘जल’ येतो, तसाच हा प्रकार आहे. मात्र मराठीत दोन्ही शब्द जसे उच्चारावे तसे लिहिले जातात, जपानीत ते एकाच चिन्हामागे दडलेले असतात. येथे मराठीची मदत संपते. रोज थोडी चिन्हे लिहिणे, वाचणे आणि मागील चिन्हांची उजळणी करणे याला पर्याय नाही, आणि हे काम वर्षानुवर्षे चालते. शिवाय स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व जपानीत अर्थ बदलते. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू, तर मधला स्वर लांबवून म्हटलेले ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. मराठी लेखनात ऱ्हस्वदीर्घाचा आग्रह असला तरी बोलण्यात तो इ आणि उ यांच्या बाबतीत बराच सैल झाला आहे, त्यामुळे कानाला नवी शिस्त लावावी लागेल. आदरार्थी बोलण्याचेही तसेच आहे. तू, तुम्ही, आपण या पायऱ्या परिचित असल्या तरी समोरच्याची कृती उंचावणारी आणि स्वतःची कृती नम्रतेने खाली आणणारी अशी वेगवेगळी क्रियापदे जपानीत आहेत, आणि त्यांचा वापर व्याकरणापेक्षा माणसांच्या नात्यांवरून ठरतो.

जर्मनची गोष्ट निराळी आहे. तिची लिपी ओळखीची आहे आणि इंग्रजी जाणणाऱ्यास तिचे शेकडो शब्द नात्यातले वाटतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत जर्मनमध्ये होणारी प्रगती जपानीपेक्षा निश्चितच वेगवान असते. तीन लिंगे आणि चार विभक्ती यांची इंग्रजीभाषक जी धास्ती घेतो, ती मराठी मुलीने घेण्याचे कारण नाही; निर्जीव वस्तूला लिंग असणे, ‘मोठा घोडा’ याचे ‘मोठ्या घोड्याला’ होणे, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होणे आणि विशेषणानेही बदलणे, हे तिच्या अंगवळणी पडलेले आहे. लिंग मात्र शब्दागणिक पाठ करावे लागते, कारण सूर्य मराठीत पुल्लिंगी तर जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते हे मराठी कानाला सुखाचे वाटते. मुख्य वाक्यात ते दुसऱ्या स्थानी येते, तेथे चुका होतात. ‘चाक’ आणि ‘चोर’ यांतील दंतमूलीय, म्हणजे दातांच्या मुळाशी जीभ लावून उच्चारलेला, ‘च’ मराठीत असल्यामुळे जर्मनमधील ‘त्स’ हा ध्वनी, आणि जपानी ‘त्सुनामी’तीलही, हिंदीभाषकापेक्षा मराठीभाषकास सहज साधतो.

अन्य भाषांचा विचार येथे थोडक्यात पुरे. चिनीतील चार सूर आणि तिची लिपी ही मोठी कामे आहेत, परंतु त-थ, क-ख असा अल्पप्राण-महाप्राण भेद, ज्यावर चिनी उच्चार उभे आहेत, तो मराठीत जन्मजात आहे. अरबीचे घशातील ध्वनी अवघड आहेत आणि ग्रंथांची अरबी व घराघरांतील अरबी यांत मोठी दरी आहे. तथापि तीन व्यंजनांच्या मुळापासून शब्द घडवण्याची तिची पद्धत मराठीने उसन्या घेतलेल्या शब्दांतून दाखवता येते, कारण हुकूम, हाकीम आणि हुकूमत हे तिन्ही एकाच मुळाचे आहेत, तसेच हासिल आणि महसूल हेही. फारसीचा शब्दसंग्रह राज्यकारभारातून मराठीत इतका मुरला आहे, तिची वाक्यरचना इतकी जवळची आहे आणि नामांना लिंग नसल्याने तिचे व्याकरण इतके हलके आहे, की महाराष्ट्रात फारसी शिकणारे आज इतके थोडे असावेत याची खंत वाटते.

भाषा निवडताना सोपेपणापेक्षा तिच्याशी किती काळ राहण्याची तयारी आहे, हा प्रश्न आधी विचारावा. पुण्यात जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आणि दोन्ही भाषांसाठी रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा विभाग उपलब्ध आहे, त्यामुळे शिक्षकांची उणीव नाही. जपानीची जागतिक परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पातळ्यांची आहे, पण तिच्यात बोलण्याची व लिहिण्याची चाचणी नसते. म्हणून प्रमाणपत्र हाती आले म्हणजे भाषा आली असे समजू नये आणि पहिल्या महिन्यापासून मोठ्याने बोलण्याचा सराव ठेवावा.

भाचीचा ओढा मुळात जपानी साहित्याकडे आहे आणि रोज तासभर बसण्याची शिस्त तिच्या अंगी आहे, हे पाहता तिने जपानीच घ्यावी. पदवीनंतर लगेच जर्मनीतील विद्यापीठात जाण्याचा बेत पक्का होणार असेल तरच जर्मन घ्यावी. वर्गात नाव घालण्यापूर्वी मात्र मोरो केशव दामले यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथातील विभक्ती, धातुसाधिते आणि संयुक्त क्रियापदे यांवरील विवेचन तिने एकदा सावकाश वाचून काढावे, आणि जे समजणार नाही त्याची टिपणे करून दिवाळीच्या सुट्टीत सोबत आणावी.

मामाचे अनेक आशीर्वाद.